लाडकीबायची गाठ

लाडकीबायवर मी काही लिहू नये, असं वैशालीचं स्पष्ट मत आहे. वैशाली म्हणजे माझी बायको. ती म्हणते, "तुम्ही तिच्याबद्दल चांगलं लिहाल, स्वतःबद्दल जरासं वाईट लिहाल, आणि वाचणारे म्हणतील, वा, काय प्रामाणिक माणूस आहे! फुकटचं मिळेल तुम्हाला." तिचं म्हणणं खोटं नाही. तरीही लिहितोय, कारण न लिहिता चार वर्षं काढली आणि त्याने काडीचंही बरं वाटलं नाही.

डहाणूजवळ नरपडला आमची चिकूची वाडी आहे. लाडकीबाय तिथे माझ्या आईच्या वेळेपासून कामाला. सायवनच्या पुढे डोंगराला चिकटलेला एक पाडा आहे, तिथली ती. बारीक अंगाची, गुडघ्यापर्यंत लुगडं, पन्नाशी कधीच ओलांडलेली, आणि चाल अशी की मागून येणाऱ्याने पळावं. चपला तिच्याकडे होत्या, पण त्या हातात असायच्या. डांबरी रस्ता आला की पायात घालायची, रस्ता संपला की परत हातात. मी एकदा विचारलं, "बाय, उलटं करतेस की काय? दगडात चप्पल घालायची, रस्त्यावर काढायची." तर म्हणाली, "दगूड मला वलखतो. रस्ता कवा वलखला?"

माणसांना नावाने हाक मारणं तिला मंजूर नव्हतं. माणूस कुणाचा, ते आधी. मी चाळिशीचा बाप्या, गावात चार लोक मला नमस्कार करतात, पण तिच्या लेखी मी 'सुमनबायचा'. "ए सुमनबायच्या, टोपली धर." माझी मुलगी ऋचा 'वैशालीबायची'. एकदा वाडीत शेतकी खात्याचे साहेब आले, त्यांनाही तिने विचारलं, "तू कोनाचा रं?" साहेब गोंधळले आणि त्यांनी आईचं नाव सांगून टाकलं. त्यानंतर साहेब जितक्या वेळा आले तितक्या वेळा तिने त्यांना त्यांच्या आईचं क्षेमकुशल विचारलं.

अंतर ती पोरांच्या रडण्यात मोजायची. कडेवर पोर घेऊन आयुष्यभर चाललेली बाई, तिला किलोमीटर काय करायचेत? "सायवन नं? तीन येला पोर रडंल तवर पोचशील." नरपडहून डहाणू स्टेशन म्हणजे पोर रडायच्या आत. आम्ही हसायचो, पण तिचा हिशेब घड्याळाहून पक्का निघायचा.

आणि चहाची गोष्ट सांगायलाच हवी, ती आमच्या घराला शोभणारी नसली तरी. वाडीतल्या माणसांचे कप आमच्याकडे वेगळे असायचे, ओट्याच्या बाहेरच्या कट्ट्यावर पालथे घातलेले, कान तुटके. कुणी कधी त्याबद्दल बोललं नव्हतं. एके दिवशी लाडकीबाय घरून स्टीलचा मोठा पेला घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "सुमनबाय, तुझ्या कपात माझा चहा मावत नाय. ह्याच्यात दे." आई क्षणभर थांबली, मग खो खो हसली आणि पेला भरून दिला. तो पेला तेव्हापासून आमच्या मांडणीवर, आमच्याच पेल्यांच्या रांगेत. तुटके कप आईने स्वतः फेकले. मी तेव्हा कॉलेजात होतो, समतेवर भाषणं ठोकत होतो, आणि ते कप मला कधी दिसलेच नव्हते.

ही लाडकीबाय दरवर्षी भात कापून झालं की महिनाभर वाडीतून गायब व्हायची. "गवताला जाते," म्हणायची. डोंगराच्या माथ्यावर सगळं गवतच गवत, कमरेच्या वर, पिकून सोनेरी झालेलं. पाड्यावरची सगळी घरं ते कापतात. आमच्या वाडीतून पूर्वेला बघितलं की ते माथे दिसतात. चाळीस वर्षं दिसत होते आणि मी एकदाही वर गेलो नव्हतो. आमच्याकडे मुंबईहून पाहुणे राहायला यायचे, दोन खोल्या त्यासाठी बांधल्या होत्या, ते विचारायचे, "त्या डोंगरांवर काय आहे?" मी काहीतरी ठोकून द्यायचो.

२०१५च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की तिघांनी जायचं. मी, वैशाली, अकरा वर्षांची ऋचा. सायवनच्या बाजूने चढायचं, माथ्यामाथ्याने चालायचं, दोन मुक्काम वर करायचे आणि तिसऱ्या दिवशी तलासरीच्या अंगाला उतरायचं. मी महिनाभर इंटरनेटवर वाचन केलं. तंबू आणला, सॅक आणल्या, शिट्टी आणली, होकायंत्र आणलं. लाडकीबायला म्हटलं, "तू वाट दाखवशील?" ती म्हणाली, "गवत कापायच्या आधी ये. मंग वर मला येल नाय."

पाड्यावर तिच्या अंगणात पोचलो तेव्हा तिने सॅक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "घर उचलून आनलास का रं? भिंती कुठं हायेत?" तिने सॅक उघडायला लावल्या. एकेक वस्तू बाहेर. घडीची खुर्ची बाहेर. शांपूची बाटली बाहेर. डब्यातलं लोणी बाहेर. होकायंत्र हातात घेऊन बघितलं, "हे काय?" मी म्हटलं, "उत्तर कुठे आहे ते कळतं." ती म्हणाली, "आनि वाट?" ऋचा इतकी हसली की तिला उचकी लागली. निम्मं सामान तिच्या ओसरीवर ठेवून आम्ही निघालो. तिच्याकडे एक गाठोडं, त्यात तांदूळ, मीठ, सुकट, आणि कमरेला विळा.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. असं गवत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वारा आला की सगळा माथा एका बाजूला झुकायचा, परत उठायचा. लाडकीबाय पुढे, ऋचा तिच्या मागे, आणि आम्ही दोघं धापा टाकत शेवटी. ती नेहमी पुढेच चालायची. गवतात वाट दिसत नसे, तिला दिसायची.

संध्याकाळी मुक्कामाला बसलो. भात शिजत होता. लाडकीबायने शेजारच्या गवताचा एक झुबका धरला, त्याला दोन पिळे दिले, शेंडा आत खोवला आणि अंबाड्यासारखी घट्ट गाठ बसवली. ऋचा मागेच लागली, मावशी, मला शिकव. लाडकीबाय तिचे हात हातात धरून शिकवत बसली. सात-आठ वेळा बिघडलं, मग जमलं. "ही माझी गाठ," लाडकीबाय म्हणाली. "दर घराची येगली. हिला दुसरा कोन हात लावत नाय." हे मी ऐकलं. दोन हातांवर बसलो होतो, स्पष्ट ऐकलं. पण का हात लावत नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या डोक्यात इतकंच राहिलं की ही गाठ टिकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की वरचा झरा आटलाय. लाडकीबाय हंडा घेऊन खालच्या अंगाला पाण्याला निघाली. जाताना म्हणाली, "दोन येला पोर रडंल तवर येते. इथंच बसा. हलू नका." आम्ही बसलो. अर्धा तास बसलो. समोर पुढचा माथा लांबलचक पसरलेला, ऊन कोवळं, आणि माझ्या अंगात महिनाभराचं वाचन. मी म्हटलं, "चला, जरा पुढे जाऊन येऊ." वैशाली म्हणाली, "अहो, बसा म्हणालीय ना ती." मी म्हटलं, "खुणा करत जाऊ, म्हणजे चुकणार नाही. ऋचा, तुझी गाठ येते ना? मार दर वीस पावलांवर, दोन्ही बाजूंना."

पोरगी खूश. तो अख्खा माथा आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो आणि ऋचाने गाठी मारल्या. थकली तेव्हा मी तिच्याकडून शिकून मारल्या. छान मारल्या. शेवटी एका दगडावर उभं राहून मी फोटो काढून घेतला, कमरेवर हात ठेवून.

लाडकीबाय आम्हाला गाठींवरूनच शोधत आली. डोक्यावर हंडा. तो तिने खाली ठेवला आणि मागे वळून सगळ्या माथ्याकडे बघितलं. मला वाटलं शाबासकी देईल. ती खाली बसली आणि जवळची गाठ सोडायला लागली.

"अगं राहू दे ना बाय," मी म्हटलं, "वाऱ्याने सुटतील."

"माझी गाठ वाऱ्याने नाय सुटत."

मग तिने सांगितलं. रागावून नाही, मान खाली घालून, सोडता सोडता. कापणीच्या आधी एके दिवशी सगळी घरं वर येतात आणि आपापल्या तुकड्याच्या कोपऱ्यांवर गाठ मारतात. जिथे ज्याची गाठ, तिथलं गवत त्याचं. दुसऱ्याच्या गाठीला कुणाचा विळा लागत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि हा माथा पाच घरांचा होता. त्यावर आता या टोकापासून त्या टोकापर्यंत लाडकीबायची गाठ होती.

ऋचाला सगळं कळलं नाही, पण काहीतरी वाईट केलं एवढं कळलं आणि ती रडायला लागली. सगळ्या गाठी सोडायच्या म्हणजे दिवस गेला असता. पुढचा मुक्काम लांब, पाणी एकच हंडा. मी म्हटलं, "बाय, माझं ऐक. तू सोडत बसू नकोस. चूक माझी आहे. आपण उतरलो की मी आधी तुझ्या पाड्यावर येतो आणि सगळ्यांना सांगतो. शब्द देतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "येशील नं सुमनबायच्या?"

"येतो म्हणजे येतो."

तिने विश्वास ठेवला. हातातली गाठ तशीच टाकून उठली, हंडा डोक्यावर घेतला आणि ऋचाचा हात धरून पुढे चालू लागली. मी शब्द दिला नसता तर ती तिथेच बसून राहिली असती, संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवशीही, आणि शेवटची गाठ सोडूनच उठली असती. हे मला आज जितकं कळतं तितकं तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तलासरीच्या बाजूला उतरलो. लाडकीबाय आल्या वाटेने परत गेली, गाठी माझ्या शब्दावर तशाच ठेवून. मला तिच्याबरोबर जायला हवं होतं. पण पाय सोलवटले होते, वैशालीला ताप होता, आणि खाली जीप उभी होती. रविवारी जातो म्हटलं. रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी चिकूची तोड होती. कारणं किती निघतात! आठवडाभरात मी स्वतःची समजूत घातली की गवतच ते, बाई आपल्या लोकांना सांगेल, मिटेल.

तीन आठवड्यांनी दोन माणसं वाडीत आली. एक लाडकीबायचा दीर, एक पाड्यावरचा म्हातारा. सकाळची वेळ. मी अंगणात मुंबईच्या पाहुण्यांना चहा देत होतो आणि डोंगराचीच गोष्ट सांगत होतो. फोटो फिरत होता, कमरेवर हात ठेवलेला. मी बायको-मुलीला घेऊन एकट्याने तो माथा कसा पार केला, वाट कशी काढली, असं सगळं रंगवून चाललं होतं. लाडकीबायचं नावही त्यात नव्हतं.

म्हातारा चपला काढून उभा राहिला. "शेठ, एक इचारायचं व्हतं. तुमी वर व्हते तवा माथ्यावर गाठी कोनी मारल्या? गाठ लाडकीची हाय. ती बोलत नाय काय."

पाहुणे बघायला लागले. एक बाई म्हणाली, "गाठी म्हणजे?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी मारल्या, मला माहीत नव्हतं, चुकलो. एवढंच. आणि मी म्हणालो, "गाठी? मला नाही बुवा कल्पना. आम्ही आपले बायच्या मागून चालत होतो."

म्हाताऱ्याने मान हलवली. मी चहाचं विचारलं, नको म्हणाले. पाणी प्यायले आणि गेले. मी पाहुण्यांना म्हटलं, "त्यांच्यातलं काहीतरी असेल." स्वयंपाकघराच्या खिडकीत वैशाली उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

पुढचं मला वाडीत कामाला येणाऱ्या तिच्या पुतण्याच्या बायकोकडून कळलं. पाचही घरांनी त्या माथ्याला हात लावला नाही. गाठ आहे तर आहे. गवत उभ्या उभ्या वाळून काळं पडलं. लोक चिडले, लाडकी म्हातारपणी हावरट झाली म्हणाले. आधी ती गप्प राहिली. मी येईन म्हणून गप्प राहिली असणार. मग ते दोघं माझ्याकडून परत गेले, माझं उत्तर तिला कळलं, आणि वाघदेवाच्या दगडापाशी सगळे निवाड्याला बसले तेव्हा ती दगडावर हात ठेवून म्हणाली, "गाठ माझी हाय." ऋचाचं नाव नाही, माझं नाव नाही. पाड्याने तिची गाठ बंद केली. म्हणजे यापुढे माथ्यावर तिचा तुकडा नाही. दुसऱ्यांच्या तुकड्यात जाऊन कापायचं, सगळ्यात मागे चालायचं.

महिन्याभराने ती वाडीत आली, नेहमीसारखी. मांडणीवरचा पेला घेतला, चहा घेतला. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, "बाय, ते तिकडे..." ती म्हणाली, "शेठ, आज कुठल्या झाडापासून?"

शेठ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटतं तिने शिवी दिली असती तर मी त्याच दिवशी पाड्यावर गेलो असतो. हेही कदाचित खोटं असेल. गेलो नाही एवढं खरं. तीन वर्षं ती आली, काम केलं, ऋचाचे केस विंचरून दिले, तिला खेकडे भाजून खायला घातले, आणि मला शेठ म्हणत राहिली.

२०१८मध्ये ऋचा चौदा वर्षांची झाली होती. पुतण्याच्या बायकोच्या तोंडून तिच्यासमोर काहीतरी निघालं आणि तिने बाकीचं आईकडून काढून घेतलं. संध्याकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "पप्पा, मी गाठी मारल्या होत्या. मावशीचं सगळं माझ्यामुळे गेलं आणि तुम्ही मला सांगितलंही नाही?" मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे." "मग जा ना! जाऊन सांगा ना सगळ्यांना!" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. जेवायला बसली की ताट घेऊन आईच्या बाजूला सरकायची.

भाताची कापणी उरकली आणि मी गेलो. एकटाच. ऋचा येते म्हणाली तर मी म्हटलं, शाळा बुडवू नकोस. पाड्यावर पोचलो तेव्हा माणसं विळे घासत अंगणात बसली होती. लाडकीबायने मला लांबूनच पाहिलं आणि वाटेतच गाठलं, चिंचेच्या झाडाखाली.

"कशाला आलास?"

"सांगायला आलो, बाय. सगळ्यांसमोर सांगतो, गाठी मी मारल्या."

"आता?" ती म्हणाली. "मी देवाच्या दगडावर हात ठेवून बोलले, गाठ माझी हाय. तू आता सांगशील तर मी देवापुढं खोटी पडंन. गाठ गेली ती गेली. आता माझा सबूद पन नेतोस?"

काय वाटलं ते सांगतो, कारण खरी लाज तिथे आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. जीव भांड्यात पडला. चला, आपण आलो होतो, तिनेच नको म्हटलं. मी दुसरं काही विचारलं नाही, दुसरा काही मार्ग आहे का, तिच्या दिराशी एकट्याने बोलू का, काही नाही. मी मान डोलावली. अंगणातल्या बायका माथ्याकडे निघाल्या. लाडकीबाय वळली आणि रांगेच्या शेवटी जाऊन चालायला लागली.

घरी आलो तर ऋचा फाटकात उभी. "सांगितलंत?"

मी म्हटलं, "हो."

तिने माझी पिशवी हातातून घेतली, पाणी आणून दिलं. रात्री जेवताना ताट माझ्या बाजूला घेतलं. वैशाली माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून जेवलो.

पुढच्या फेब्रुवारीत लाडकीबाय शेवटची वाडीत आली. त्यानंतर तिचे गुडघे गेले, आता ती पाड्यावरच असते, आणि मी तिला भेटायला गेलेलो नाही. त्या दिवशी दुपारी ती आंब्याच्या सावलीत चिकू निवडत बसली होती. पिकायला आलेले एकीकडे, कच्चे एकीकडे. मी पलीकडे खोक्यांत कागद घालत होतो. ऋचा शाळेतून आली ती दप्तरासकट तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी," ती म्हणाली, "पप्पा आले होते ना वर? सांगितलं ना त्यांनी सगळ्यांना?"

माझे हात थांबले. लाडकीबायने एक चिकू उचलला, नखाने खरवडून पाहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिने खूप वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण तसं नसेल.

"सांगितलं नं," ती म्हणाली. "सगल्यांसमोर सांगितलं. हात जोडून सांगितलं तुझ्या बापाने."

ऋचा उठली, माझ्यापाशी आली आणि तिने माझा हात धरला. लाडकीबायने हातातला चिकू कच्च्यांत टाकला आणि पुढचा घेतला.